सालेमच्या सहा टोपल्या

उद्या सकाळी दहा वाजता हेमचंद्रभाऊजी एका खोट्या कागदावर सही करणार आहेत, आणि ही काळजी काही केल्या माझा पिच्छा सोडत नाही. दुसरं कुणी असतं तर मी एवढी घाबरले नसते. माणसं करतात सह्या. नोकरीच्या अर्जात अनुभव दोन वर्षांनी वाढवतात, शाळेच्या फॉर्मवर 'घरी इंग्रजी बोलतो' असं लिहितात. पण हेमचंद्र मोघे यांनी या देशात बावीस वर्षं काढली आणि एकदाही खोट्यावर सही केली नाही. उद्या केली, तर परवापासून त्यांचं काय करायचं, हे त्यांच्या बायकोला, शोभनाताईंनाही ठाऊक नाही.

कागदावर लिहिलंय ते असं : अमुक बुरुजात शंभर वर्षांपूर्वी सालेम नावाचा कैदी होता, तो खजुराच्या टोपलीत बसून पळाला, आणि ही हकीकत मला तिथल्या जुन्या पहारेकऱ्याने सांगितली. यातला बुरूज खरा आहे. पहारेकरीही खरा होता. सालेम मात्र भाऊजींनी रचलेला आहे. हे शोभनाताईंना माहीत आहे, माझ्या नवऱ्याला, प्रल्हादला माहीत आहे, आणि मला तर पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

भाऊजी इथे आखातात, अल कुसैसला आमच्याच इमारतीत, आमच्या डोक्यावर राहतात. एकोणऐंशी साली मुलुंडहून आले. त्यांची कंपनी पाण्याच्या टाक्या, एसीचे डक्ट आणि जिन्याचे कठडे बनवते आणि भाऊजी तिथे क्वालिटी इन्स्पेक्टर आहेत. "म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा," असं शोभनाताई समजावून सांगतात. "लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, माझी एक पोळी यांनी अजून विनाशर्त पास केलेली नाही."

अठ्ठ्याऐंशी सालची टाकीची गोष्ट इमारतीत सगळ्यांना पाठ आहे. कुठल्याशा कामगार-वसाहतीसाठी मोठी टाकी बनवली होती. पाणी भरून, दाब देऊन चोवीस तास ठेवायची, दाबाचा काटा हलला नाही तर भाऊजींनी कागदावर शिक्का मारून सही करायची, अशी रीत. सोळाव्या तासाला काटा केसभर खाली आला. मॅनेजर म्हणाला, "मोघे, यल्ला, साइन करो, ट्रक खडा है." भाऊजी म्हणाले, "काँटा नीचे आया." मॅनेजर म्हणाला, "काँटा खराब है." भाऊजींनी दुसरा काटा आणून बसवला आणि टाकीसमोर खुर्ची टाकून आणखी चोवीस तास बसले. शोभनाताई डबा घेऊन गेल्या तर म्हणाले, "तू जरा इकडे बघत बस, मी पाच मिनिटांत जेवतो." दुसराही काटा उतरला. मॅनेजरने पुढच्या विमानाने परत पाठवायची धमकी दिली, भाऊजींनी घरी येऊन माळ्यावरच्या बॅगा काढायला सांगितल्या. शेवटी वेल्डरनेच कबूल केलं की एक सांधा राहिलाय. तेव्हापासून त्या कंपनीत गिऱ्हाईक विचारतं, "मोघे का साइन है क्या?" असेल तर माल उचलतात.

असा हा माणूस. आता याच माणसाने सालेम कसा रचला, ते सांगते.

इथे हिवाळा आला की घरोघरी भारतातून पाहुणे येतात. नोव्हेंबरात सासू-सासरे, डिसेंबरात नणंद आणि तिची मुलं, जानेवारीत ज्यांचं नातं कुणालाच नीट सांगता येत नाही असे कुणीतरी. त्यांना सोन्याचा बाजार दाखवून होतो, खाडीतल्या होडीत बसवून होतं, रोल्लाच्या बाजारात कापड-चोपड घेऊन होतं. मग एक शुक्रवार उरतो. त्या शुक्रवारी अख्खी इमारत आपापले पाहुणे भाऊजींच्या जुन्या पांढऱ्या क्रेसिडा गाडीत भरते. भाऊजी हौशी. रोल्लाच्या पुढे तासभर गेलं की खजुराच्या बागांत एक छोटं संग्रहालय आहे, तिथे ते सगळ्यांना नेतात. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही.

संग्रहालय म्हणजे दोन वास्तू. एक गोल बुरूज, पूर्वी तो तुरुंग होता. शेजारी एका जुन्या खजुरवाल्याचं मातीचं घर. त्या घरात एक गमतीची खोली आहे. तिच्या जमिनीला पन्हळी काढलेल्या आहेत. त्यांवर खजुराच्या गोण्या छतापर्यंत रचायच्या, वरच्या वजनाने खालच्या गोण्यांतून पाक गळायचा, पन्हळीतून वाहत कोपऱ्यातल्या रांजणात जमायचा. "काकवी! अगदी आपली काकवी!" असं प्रत्येक पाहुणा म्हणतो आणि खाली वाकून वास घेतो. वास येत नाही, पन्नास वर्षांत तिथे कुणी खजूर ठेवलेला नाही.

बुरुजात मात्र बघण्यासारखं काही नव्हतं. मधल्या मजल्यावर कैद्यांची खोली, तिला दार नाही, वरून छताला एक भोक आणि त्यातून सोडलेली शिडी. आत एक लाकडी ओंडका, त्याला लोखंडी कडी. बाहेर अरबीत तीन ओळींची पाटी. पहारेकरी रसूलबक्ष, मकरानचा बलुची, त्याला पाटी वाचता येत नव्हती. विचारलं तर म्हणायचा, "जेल था साब. अब खलास."

एक्याण्णव साली शोभनाताईंची प्रमिलामावशी पुण्याहून आली. निवृत्त शिक्षिका, तीस वर्षं प्राथमिक शाळेत इतिहास शिकवलेला. ती शिडीवरून खाली उतरली, चार भिंतींकडे बघितलं आणि म्हणाली, "हेमचंद्र, रिकामी खोली दाखवायला आणलंत मला? रिकाम्या खोल्या माझ्या पुण्याच्या घरात तीन आहेत."

भाऊजींना यजमानपणाचं भारी वेड. ते म्हणाले, "रिकामी कशी मावशी? इथे सालेम होता."

"कोण सालेम?"

सालेम हे त्यांच्या कंपनीतल्या ट्रक ड्रायव्हरचं नाव. तोंडाशी आलं ते त्यांनी सांगितलं. मग मावशी प्रश्न विचारत गेली, शिक्षिकाच ती, आणि भाऊजी उत्तरं देत गेले. सालेम हा शेजारच्या घराचा मालक. कारभाऱ्याने कपटाने बोलावून त्याला इथे कोंडला. मग? मग त्याने आजारी पडल्याचं सोंग घेतलं. बरं वाटावं म्हणून मशिदीत गोरगरिबांना वाटायला रोज खजुराच्या मोठ्या टोपल्या पाठवू लागला. पहारेकरी आधी टोपल्या उघडून बघायचे, मग कंटाळले. आणि एके दिवशी सालेम एका टोपलीत बसला, त्याच्या जागी पांघरूण घेऊन त्याचा मित्र निजला, अंगठीचा हात तेवढा बाहेर ठेवून!

मावशीने टाळ्या वाजवल्या. "बाई बाई! अगदी आपल्यासारखंच हो!" म्हणाली. तीस वर्षं तिने आग्र्याहून सुटकेचा धडा शिकवला होता, पेटाऱ्यांसकट आणि अंगठीसकट. पण आपलाच धडा परदेशात भेटला याचा तिला एवढा आनंद झाला की पुढची शंका तिला आलीच नाही. पुण्याला गेल्यावर तिने तो चार ठिकाणी सांगितला. पुढच्या हिवाळ्यात जे पाहुणे आले, ते विमानतळावरच विचारत आले, "तो टोपलीवाला कुठे ठेवला होता?"

मग भाऊजींना मागे फिरता येईना. आणि मागे फिरता येत नाही म्हटल्यावर त्यांच्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. टोपली त्या भोकातून वर गेली कशी? आठवडाभर त्यांना जेवण गोड लागलं नाही. पुढच्या शुक्रवारी खिशात मोजपट्टी घालून गेले. भोक भरलं बावीस इंच. "म्हणजे टोपली वीस इंचांपेक्षा मोठी नको," ते शोभनाताईंना गाडीत म्हणाले. "वीस इंचांत माणूस मावायचा तर वजन फार तर पंचेचाळीस किलो."

त्या दिवसापासून सालेम बारीक झाला. आधीच्या पाहुण्यांना तो धिप्पाड सांगितला होता.

टोपल्या किती, हेही त्यांनी हिशेबाने ठरवलं. एका पहाऱ्यात शिडीवरून किती फेऱ्या होतील ते घड्याळ लावून, रसूलबक्षला रिकामा बॉक्स देऊन वर-खाली करायला लावून काढलं. सहा. रसूलबक्ष धापा टाकत म्हणाला, "साब, सातवाँ नहीं होगा." म्हणून सहा टोपल्या.

शहाण्णव साली आम्ही गेलो. माझी शुभ्रा तेव्हा नऊ वर्षांची होती. इथे वाढलेली, मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा घरचा कारभार. मी बीएला इतिहास घेतला होता. 'आजारी पडल्याचं सोंग' इथपर्यंत गोष्ट आली आणि मी प्रल्हादला कोपर मारलं.

"अहो, हे तर—"

"गप्प बस," तो कुजबुजला. "माझा आवडता धडा आहे."

मी बोलणारच होते. पण शुभ्रा त्या ओंडक्यावर बसून भाऊजींकडे बघत होती आणि भाऊजी श्वास घ्यायला थांबले तशी ती म्हणाली, "मग?"

नुसतं "मग?" पण मराठीत. मी तोंड मिटून घेतलं.

दोन हजार साली तिच्या शाळेत स्पर्धा होती, आपल्या परिसरातला वारसा यावर प्रकल्प करायचा. शुभ्राने सालेम लिहिला. इंग्रजीत, बारा पानं. मी काय केलं? मी चित्रं काढून दिली. टोपल्यांना छान विणीचा पोत दिला, पांघरुणाबाहेर हात काढला, बोटात अंगठी काढली. लाल खडा. हे मी, इतिहासाची पदवीधर. मला वाटलं, शाळेच्या कपाटात जाऊन पडेल.

त्या स्पर्धेचं परीक्षण करायला आली होती हलिमा, त्याच संग्रहालयावर नव्याने नेमलेली अधिकारी. तरुण, हुशार, परदेशात शिकून आलेली, हिंदीही छान बोलते. शुभ्राला पहिलं बक्षीस मिळालं. तीन दिवसांनी घरी फोन आला. हलिमा विचारत होती, हे इतकं बारीकसारीक मुलीला कुणी सांगितलं? भोकाचं माप, टोपलीचा व्यास, फेऱ्यांची वेळ! असं कुणाला मनाने रचता येत नाही, ती म्हणाली.

शुभ्रा माझ्यासमोर सर्टिफिकेट धरून उभी होती. एक वाक्य बोलायचं होतं. मी दुसरंच बोलले. "आमचे शेजारी आहेत मोघे, ते सांगतात."

मग हलिमाने भाऊजींना फोन केला. भाऊजी गडबडले. तुम्हाला कुणी सांगितलं, असं विचारल्यावर त्यांच्या तोंडून निघालं, "ओल्ड वॉचमन." रसूलबक्ष चौऱ्याण्णवला मकरानला परतला होता आणि पुढच्याच वर्षी वारला. फोन ठेवून भाऊजी शोभनाताईंना म्हणाले, "मेलेल्या माणसाला साक्षीला उभा केला गं मी."

"मग परत लावा फोन आणि सांगा खरं."

"सांगतो. शनिवारी सांगतो."

पण त्या शनिवारच्या आतच सालेमचा नातू निघाला.

त्याचं नाव अबू राशिद. पंचाहत्तरीचा, गावातला म्हातारा. तरुणपणी खजुराच्या गलबतांबरोबर मुंबईला सात हिवाळे काढलेले, त्यामुळे बोलतो ती खास आपल्याकडची हिंदी. हलिमाने गावात विचारपूस केली, कुणाला सालेम माहीत आहे का? इथे सालेम नावाचा आजोबा नसलेला माणूस शोधावा लागेल. अबू राशिद काठी टेकत आला आणि म्हणाला, माझा आजा सालेम. खजुराचाच धंदा. एके दिवशी गेला तो आलाच नाही.

हलिमाने भाऊजींना त्याला भेटायला बोलावलं, आम्हीही गेलो. म्हाताऱ्याने भाऊजींचे दोन्ही हात धरले. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो हसत होता.

"साठ साल सब बोला, तेरा दादा बसरा भाग गया, दूसरी औरत के साथ. मेरा दादी मरते तक रोया. और वो जेल में था! हबीबी, जेल में था!"

आपला आजोबा तुरुंगात होता याचा इतका आनंद झालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. त्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांना थर्मासमधली कॉफी पाजली. "मेरा दादा! इधर! जेल में!" एक जर्मन जोडपं घाबरून दोन-दोन कप प्यायलं.

भाऊजींनीही ती कॉफी प्यायली. परत येताना ते गाडीत एवढंच म्हणाले, "अंगठी आठवतेय म्हणतो त्याला. लाल खड्याची."

अंगठीचा खडा मी काढला होता.

त्यानंतरचं वर्ष कसं गेलं, ते सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. अबू राशिद दर शुक्रवारी बुरुजाखाली बसू लागला आणि भाऊजींच्या गोष्टीत दुरुस्त्या करू लागला.

"सात टोकरी था," एकदा तो म्हणाला.

"छे," भाऊजी म्हणाले. "छह."

"मेरा दादा है! सात!"

"छह से जास्ती हो ही नहीं सकता. मैंने टाइम लिया है!"

दोघेही इतके तापले की हलिमा ऑफिसातून बाहेर आली. शोभनाताईंनी भाऊजींना बाजूला ओढलं. "अहो, तुम्हीच रचलेलं ना? होऊ देत सात!"

"मी रचलं म्हणजे काहीही रचायचं?" भाऊजी म्हणाले. "सातवी टोपली पहाऱ्यात सापडली असती!"

शेवटी सहा टोपल्या ठरल्या. गावातल्या बायकांनी त्या विणून दिल्या, वीस इंच व्यासाच्या. एकीत पुतळा बसवला, डोकं बाहेर काढून. दुसरा पुतळा पांघरुणाखाली. बुरुजाच्या वरच्या भोकाभोवती पाहुणे पडू नयेत म्हणून लोखंडी कठडा हवा होता. त्याचं काम टेंडरने कुणाला मिळालं असेल? भाऊजींच्याच कंपनीला. सालेमचा कठडा तपासणीसाठी त्यांच्याच टेबलावर आला. त्यांनी एक वेल्ड नापास केलं. मॅनेजर म्हणाला, "मोघे, म्युझियम का है, कौन देखता है?" भाऊजी म्हणाले, "आदमी गिरेगा तो सच में गिरेगा." दुसऱ्यांदा आला तेव्हा पास केला, शिक्का मारला.

आणि आता मागच्या आठवड्यात हलिमाचा फोन आला. नवीन दालन महिन्याभरात उघडायचं. वरच्या ऑफिसला प्रत्येक पाटीमागे पुरावा लागतो. तोंडी इतिहास असेल तर सांगणाऱ्याचा जबाब, पासपोर्टची प्रत आणि सही. शनिवारी दहा वाजता या, इन्शाल्ला पंधरा मिनिटांचं काम.

आठवडाभर भाऊजींची गाडी धुतलेली नाही. जे इमारतीत नवे आहेत त्यांना यात काही वाटणार नाही, पण मी चौदा वर्षं खिडकीतून बघतेय, तो माणूस ताप असतानाही गाडी धुतो. प्रल्हाद त्यांना जिन्यात भेटला तर म्हणाले, "प्रल्हाद, तोंडाने सांगितलेली गोष्ट वेगळी. ती वाऱ्यावर जाते. सही केली की मी तपासलं, असा अर्थ होतो."

"मग नका करू," प्रल्हाद म्हणाला.

"नाही केली तर पाटी खाली. म्हाताऱ्याचा आजोबा परत बसऱ्याला."

आज सकाळी ते ठरवून निघाले होते. शोभनाताईंना, प्रल्हादला आणि मला घेऊन गेले. आज अबू राशिदला समोरासमोर खरं सांगायचं, त्याने शिव्या दिल्या तर खायच्या, मग उद्या हलिमाला सांगायचं. वाटेत त्यांनी ते हिंदीत दोन-तीनदा घोकलंही. "अबू राशिद, मैंने गलती किया."

अबू राशिद बुरुजाखाली होता. त्याच्या मांडीवर सात दिवसांचं बाळ होतं, पणतू. त्याने भाऊजींना खाली बसवलं आणि बाळ त्यांच्या हातात दिलं.

"सालेम," म्हातारा म्हणाला. "नाम रखा. मेरा बेटा पहले नहीं बोलता था. बोला, भागनेवाले का नाम नहीं रखना. अब बोला, रखो."

भाऊजी बाळाला धरून बसले. शोभनाताईंनी बाळाच्या मानेखाली हात लावला. मी भाऊजींकडे बघत होते. ते म्हणाले, "अबू राशिद, मैंने..." आणि म्हातारा म्हणाला, "हाँ हाँ, छह टोकरी. ठीक है. तेरा बात मान लिया. छह."

गाडीत बसल्यावर शोभनाताई म्हणाल्या, "आता?"

"सही करतो उद्या," भाऊजी म्हणाले.

"तुम्ही? खोट्यावर?"

"हो. करतो."

 दुपारी शोभनाताई खाली आमच्याकडे आल्या. हातात लोणच्याची रिकामी बरणी होती आणि तीत भाऊजींचा कंपनीतला शिक्का. नेहमी त्यांच्या शर्टाच्या खिशात असतो तो.

"मला देऊन म्हणाले, हा रविवारी मॅनेजरला परत कर. म्हणाले, उद्या खोट्यावर सही केल्यावर मला टाकीवर सही करायचा अधिकार नाही. राजीनामा लिहून ठेवलाय, टाइप करून. आपण गाशा गुंडाळू म्हणतात. अर्चना, मला हसू येतंय आणि हातपाय गार पडलेत. ही बरणी तुझ्याकडे ठेव. घरात असली की ते तिच्याकडेच बघत बसतात."

ती बरणी आता माझ्या ओट्यावर आहे.

मी भाऊजींना वर जाऊन म्हटलं, "भाऊजी, शुभ्राच्या प्रकल्पामुळे हे सुरू झालं. मीच फोनवर तुमचं नाव सांगितलं."

"तुमचा काय संबंध वहिनी," ते म्हणाले. "माल माझ्या टेबलावरून गेला."

नाही, माझा संबंध आहे. त्यांनी पाहुण्यांना गोष्ट सांगितली, पाहुणे हसले, घरी गेले. कागदावर ती पहिल्यांदा माझ्या घरात उतरली, माझ्या चित्रांसकट. धडा ओळखणारी, इतिहास शिकलेली मी होते. हलिमाने सरळ विचारलं तेव्हा उत्तर माझ्या तोंडात होतं आणि मुलीच्या हातातलं सर्टिफिकेट बघून मी ते गिळलं. भीती वाटतेच. सरकारी खात्याला खोटं सांगितलं म्हणून प्रल्हादच्या व्हिसाचं काही होईल का, इथपासून शाळेत काय म्हणतील, इथपर्यंत. प्रल्हादला विचारलं. तो म्हणाला, "मी पण मजा घेतलीच की तेव्हा. तू कर काय करायचं ते."

मग शुभ्राला सांगितलं. ती चौदाची आहे, तिला विचारल्याशिवाय करायचं नव्हतं.

"आई, दे विल टेक बॅक माय सर्टिफिकेट."

"घेतील बहुतेक."

"अँड एव्हरीवन इन स्कूल विल नो."

"हो."

ती उठून उंबऱ्यापर्यंत गेली. मग म्हणाली, "देन टेल हर द ड्रॉइंग्ज वेअर युवर्स. अँड द रिंग. आय नेव्हर सेड रेड." आणि दार लावून घेतलं. रागावली आहे. पण नको म्हणाली नाही.

अबू राशिदचं काय होईल, हे मला खरंच माहीत नाही. हलिमा कदाचित पाटीवर वेगळं काही लिहू शकेल : अल कुसैसचे एक मोघे आपल्या पाहुण्यांना ही गोष्ट सांगत असत. तेवढ्यावर भाऊजींना सही करता येईल, ते खरंच आहे. कदाचित ती चिडेल आणि सगळ्या टोपल्या उचलून फेकून देईल. बाळाचं नाव तर ठेवून झालं, ते आता कुणी बदलत नाही. म्हाताऱ्याला सांगायची वेळ आली तर मी स्वतः जाऊन बसेन त्याच्यासमोर. पण टाकीसमोर चोवीस तास खुर्ची टाकून बसणारा माणूस उद्या मी गप्प राहिले म्हणून खोट्यावर सही करणार असेल, तर ते माझ्याच्याने बघवणार नाही.

सरकारी ऑफिसं साडेसातला उघडतात. भाऊजी साडेआठला निघतील. हलिमाचा नंबर शुभ्राच्या प्रकल्पाच्या फाइलमध्ये बक्षिसाच्या पत्राखाली होता, मी तो काढून फोनजवळ ठेवला आहे. साडेसातला मी तिला फोन करणार आहे आणि सगळ्यात आधी माझं नाव सांगणार आहे.